ओहायो स्टेटची बचावाची पहिली फळी : चारही मोहरे गेल्यानंतर

ओलेंटांजीकाठ (१२ ऑगस्ट २०२५)

काल अमेरिकन कॉलेज फुटबॉलची एपी या वृत्तसंस्थेची हंगामपूर्व क्रमवारी जाहीर झाली. टेक्सास पहिला, पेन स्टेट दुसरा आणि गतविजेता ओहायो स्टेट तिसरा. इथे कोलंबसमध्ये जो भेटतो तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, म्हणून ज्यूलियन सेयिन खेळेल की लिंकन किनहोल्झ, हेच विचारतो. मला मात्र गेले चार महिने डिफेन्सिव्ह लाइनची, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीची, काळजी लागून राहिली आहे आणि त्यावर नीट बोलता यावे म्हणून हा धागा काढतो आहे.

गेल्या हंगामात आपल्या संघाने दर सामन्याला सरासरी १२.९ गुण दिले, म्हणजे देशात सर्वांत कमी. ५३ सॅक केले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडले. त्या बचावाच्या पहिल्या फळीतले चौघेही एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक एनएफएल संघांच्या निवडीत, निवडले गेले. टायलीक विल्यम्स पहिल्या फेरीत २८व्या क्रमांकावर डेट्रॉइटकडे गेला, जेटी टुइमोलोआउ दुसऱ्या फेरीत इंडियानापोलिसकडे, जॅक सॉयर चौथ्या फेरीत पिट्सबर्गकडे आणि टाय हॅमिल्टन पाचव्या फेरीत रॅम्सकडे. एका वर्षात अख्खी फळी रिकामी झाली. त्यांच्या जागी एंडला, म्हणजे फळीच्या दोन्ही टोकांना, केन्याटा जॅक्सन आणि केडन करी, तर मध्ये टॅकलच्या जागी केडन मॅकडॉनल्ड आणि एड्रिक ह्यूस्टन असे चौघे दिसतील, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

माझे मत असे आहे की बाहेरच्या दोन जागा भरून निघतील. जॅक्सन आणि करी चौथ्या वर्षात आहेत आणि नॉर्थ कॅरोलायनाहून बो ॲटकिन्सन आला आहे, ज्याने तिकडे गेल्या वर्षी साडेसात सॅक केले होते. काळजी आहे ती मधल्या दोघांच्या पाठीमागे कोण उभे आहे याची. फळीचे प्रशिक्षक लॅरी जॉन्सन पूर्वी आठ-नऊ जणांना आलटून पालटून खेळवत असत. गेल्या वर्षी मोठ्या सामन्यांत पहिल्या चौघांवरच बहुतेक भार टाकला गेला आणि त्याचे फळही मिळाले, पण त्यामुळे मागच्या खेळाडूंना खरी झुंज फार थोडी मिळाली. ३० ऑगस्टला पहिलाच सामना टेक्साससारख्या संघाशी, दुपारी बाराच्या उन्हात. तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरमध्ये मॅकडॉनल्डची दमछाक झाली, तर त्याच्या जागी कोण उतरणार? आपापली मते कृपया कारणांसह लिहावीत.

कोपरारक्षक (१२ ऑगस्ट)

धागा चांगला काढलात, पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. ५३ सॅकपैकी साडेबारा एकट्या टुइमोलोआउचे होते आणि नऊ सॉयरचे. म्हणजे सुमारे चाळीस टक्के काम बाहेरच्या दोघांनी केले. जॅक्सन आणि करी चौथ्या वर्षात आहेत हे खरे. तथापि तीन वर्षे दुसऱ्याच्या मागे उभे राहणे वेगळे आणि प्रत्येक तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) समोरच्या आक्रमक फळीतला टॅकल तुमच्यासाठीच तयारी करून आलेला असणे वेगळे. करी मुख्यतः स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किकच्या वेळच्या तुकड्यांत, जीव तोडून खेळताना आपण पाहिला आहे. त्याची धडाडी निर्विवाद आहे, पण धडाडीवर साठ स्नॅप (चेंडू खेळात येण्याचे क्षण) निघत नाहीत.

मी शाळेत आणि पुढे महाविद्यालयात कबड्डीत कोपरा सांभाळला आहे. कोपरारक्षकाने घोटा पकडला तरच बाकीच्यांना काम मिळते. क्वार्टरबॅकला बाहेरून कोणी घेरलेच नाही, तर मधले दोघे कितीही भारी असोत, चेंडू केव्हाच हातातून सुटलेला असतो.

तांबडी माती (१३ ऑगस्ट)

कोपरारक्षक, तुमच्याच उदाहरणावर बोलतो. कोपऱ्याने घोटा धरला आणि साखळी वेळेवर वळली नाही, तर चढाईपटू मधूनच निसटतो. इथेही तसेच आहे. बाहेरून दोघे वळसा घालून येतात, तेव्हा क्वार्टरबॅक दोन पावले पुढे सरकतो. त्या दोन पावलांची जागा मधल्या टॅकलने खाल्ली असेल, तरच बाहेरच्याच्या हाती सॅक लागतो. सॉयर आणि टुइमोलोआउ यांच्या साडेएकवीस सॅकमध्ये विल्यम्स आणि हॅमिल्टन यांचा वाटा कोणी मोजत नाही.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला आणि सोळा वर्षांचा होईपर्यंत तालमीत होतो, म्हणून मॅकडॉनल्डकडे माझे डोळे आपोआप जातात. सव्वातीनशे पौंडांचा गडी आहे, पण नुसते वजन कामाचे नसते. गेल्या वर्षी तो थोड्या वेळासाठी मैदानात यायचा तेव्हा मी चेंडू पाहणे सोडून फक्त त्याच्या कमरेकडे पाहत असे. समोरच्या आक्रमक फळीतले सेंटर आणि गार्ड दोघे मिळून एकदम त्याच्यावर येतात, तेव्हा अननुभवी खेळाडू सरळ उभा होतो आणि उभा झाला की संपला, कारण मग त्याची छाती मोकळी पडते. मॅकडॉनल्ड कंबर खाली सोडतो, एक खांदा दोघांच्या मध्ये घालतो आणि अगदीच नाइलाज झाला तर एक गुडघा टेकवतो, पण जागा सोडत नाही. वस्ताद आम्हाला सांगायचे की आधी ठाण मांडा, डाव नंतर सुचेल. या पोराने ठाण मांडले आहे. त्याच्या मागे कोण, ही ओलेंटांजीकाठ यांची शंका मात्र रास्त आहे.

नवाप्रेक्षक (१३ ऑगस्ट)

मी गेल्याच वर्षी इथे शिकायला आलो. एंड आणि टॅकल समजले. पण ह्यूस्टनविषयी वाचताना ‘थ्री टेक्निक’ हा शब्द वारंवार येतो. कोणी समजावून सांगेल का?

ओलेंटांजीकाठ (१३ ऑगस्ट)

अवश्य. आक्रमक फळीच्या सेंटरपासून बाहेरच्या दिशेने जागांना क्रमांक दिलेले असतात. शून्य म्हणजे थेट सेंटरच्या नाकासमोर. तिथे उभा राहतो त्याला नोज म्हणतात आणि त्याचे काम दोघांना अडकवून ठेवणे. तीन म्हणजे गार्डचा बाहेरचा खांदा. तिथल्या खेळाडूसमोर बहुतेक वेळा एकच माणूस असतो, त्यामुळे त्याने चटकन आत घुसावे अशी अपेक्षा असते. ह्यूस्टन मूळचा एंड. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून तो थोडाफार खेळला आणि वजन वाढवून त्याला आत आणले आहे. एंडची चपळाई गार्डसमोर वापरायची असा त्यामागचा हिशोब आहे. प्रश्न असा की संघांनी धाव घेण्याचे ठरवले आणि त्याच्यावरही दोघे चालून आले, तर तो तग धरेल का.

ॲन आर्बरकर (१३ ऑगस्ट)

मी मिशिगनचा माजी विद्यार्थी आहे, पण माझी मोठी बहीण कोलंबसला राहते, त्यामुळे गेल्या ३० नोव्हेंबरचा आपल्या दोन संघांचा सामना मी तिच्याबरोबर तुमच्याच मैदानात बसून पाहिला. जखमेवर मीठ चोळायला लिहीत नाही. या धाग्याशी त्या सामन्याचा थेट संबंध आहे असे मला वाटते.

तुमची ही फळी तेव्हा देशात सर्वोत्तम मानली जात होती आणि तरीही आम्ही १३-१० असे जिंकलो. केलेल मुलिंग्जने ११६ यार्ड धाव घेतली. आमचे पासिंग त्या वर्षी जेमतेम होते. सगळ्यांना ठाऊक होते की आम्ही धावणार आणि आम्ही धावलोच. बसलो होतो तिथून दोन्ही फळ्या समोरासमोर दिसत होत्या. चौथ्या क्वार्टरमध्ये तुमचे टॅकल स्नॅपच्या आधी हात मांड्यांवर ठेवून वाकलेले दिसू लागले, तेव्हा ताई हळूच म्हणाली, "हे दमलेत." तिला खेळातले फारसे कळत नाही, पण तिने जे पाहिले ते खरे होते.

त्याच दिवशी आमच्या मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट यांनी तुमच्या धावा ७७ यार्डांवर रोखल्या. त्यातला ग्रॅहम ड्राफ्टमध्ये पाचवा गेला आणि ग्रँट तेरावा, म्हणजे मधली जोडी आमचीही गेली. सांगायचे ते एवढेच की नोव्हेंबरमध्ये सामना मधल्या दोघांवर ठरतो आणि मधल्या दोघांचे नोव्हेंबरमधले बळ ऑगस्टमध्ये त्यांच्या मागे किती जण तयार केले यावर ठरते. म्हणून माझे मत धागाकर्त्याच्या बाजूने.

कोपरारक्षक (१३ ऑगस्ट)

ॲन आर्बरकर, तुमचे निरीक्षण मनापासून मान्य. पण त्या दिवशी आपण हरलो ते दहाच गुण केल्यामुळे. तेरा गुण देणाऱ्या बचावाला दोष देता येणार नाही. आणि त्यानंतर हीच फळी, हेच दमलेले चौघे, टेनेसी, ओरेगन, टेक्सास आणि नोत्र दाम यांच्याविरुद्ध चार सामने खेळले आणि विजेतेपद घेऊन आले. कॉटन बोलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, आघाडी २१-१४ असताना टेक्सासचा संघ आपल्या गोलरेषेपासून एक यार्डावर पोहोचला होता. पहिल्या डाउनला काहीच मिळाले नाही, दुसऱ्याला बाहेर फेकलेल्या चेंडूवर सात यार्ड मागे गेले, तिसऱ्याला पास अपुरा राहिला आणि चौथ्याला सॉयरने क्वीन इवर्सच्या, म्हणजे आपल्याच जुन्या खोलीमित्राच्या, हातून चेंडू उडवला आणि ८३ यार्ड पळत नेला. तो सॉयर बाहेरच्या बाजूने आला होता. असा क्षण घडवणारा माणूस यंदा कोण, हे मला कोणी सांगावे.

तांबडी माती (१३ ऑगस्ट)

पहिल्या डाउनला काहीच मिळाले नाही, असे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. एक यार्ड हवा असताना मधून काहीच का मिळाले नाही, ते पुन्हा एकदा संथ गतीने पाहावे. ते यश मिळाले नसते तर चौथा डाउन आलाच नसता.

बकाय पालक (१४ ऑगस्ट)

माझा मुलगा कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये हायस्कूल संघात डिफेन्सिव्ह एंड खेळतो, त्यामुळे आमच्या घरात या विषयावर रोज बोलणे होते. मला आकड्यांपेक्षा शिकवण्याविषयी लिहायचे आहे, कारण या चर्चेत प्रशिक्षकाचा उल्लेख एकदाच आला.

लॅरी जॉन्सन २०१४ साली पेन स्टेटहून इथे आले. त्यांच्या हाताखालून जोई बोसा, निक बोसा आणि चेस यंग गेले. तिघेही ड्राफ्टमध्ये पहिल्या तिनात निवडले गेले. दर वेळी लोक म्हणाले की आता पोकळी निर्माण होईल आणि दर वेळी कोणीतरी पुढे आले. यंगने २०१९ मध्ये साडेसोळा सॅक करून विद्यापीठाचा विक्रम केला, तो निक बोसा गेल्यानंतरच्याच हंगामात. यामागे हातांचे शिक्षण आहे. जॉन्सन यांचे खेळाडू पाहा. समोरच्याचा हात छातीला लागण्याआधी यांचा हात त्याच्या मनगटावर किंवा कोपरावर पोहोचलेला असतो.

हे किती कठीण आहे ते मला घरच्या अंगणात कळले. गेल्या उन्हाळ्यात मी मुलासमोर पॅड धरून उभी राहत असे. पहिले पाऊल जेमतेम वीतभर आणि त्याच क्षणी दोन्ही हात, अंगठे वर. पाऊल आधी पडले तर हातात जोर राहत नाही आणि हात आधी गेले तर तोल जातो. तीनशे वेळा केल्यानंतर एखाद्या दिवशी दोन्ही एकदम जुळायचे आणि पॅडवरचा आवाजच बदलायचा. बोटांना पट्ट्या बांधून तो जेवायला बसायचा, तेव्हा वरण-भातसुद्धा चमच्याने खावा लागे. जॅक्सन आणि करी यांनी हे काम तीन वर्षे, देशातल्या सर्वोत्तम टॅकलसमोर, रोजच्या सरावात केले आहे. ते रिकाम्या हाताने आलेले नाहीत, एवढे कोपरारक्षकांनी लक्षात घ्यावे.

मधल्या जागांविषयी मात्र मलाही धाकधूक आहे. टायवोन मलोन अनुभवी आहे. आमच्याच गावच्या कॉफमन हायस्कूलचा विल स्मिथ ज्युनियर त्याच्या मागे आहे. त्याचे वडील २००२ च्या विजेत्या संघातले एंड आणि पुढे न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे खेळाडू होते. २०१६ मध्ये त्यांची हत्या झाली. त्या मुलाला चार खऱ्या संधी मिळाव्यात असे मला फार वाटते. पण इच्छा वेगळी आणि टेक्सासविरुद्धचा तिसरा क्वार्टर वेगळा.

रात्रपाळी (१४ ऑगस्ट)

पुण्याहून लिहितो आहे. एमएस ओहायो स्टेटमधून केले आणि परत आल्यावरही सामना चुकवलेला नाही. ३० तारखेचा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू होईल.

या चर्चेत मॅट पॅट्रिशिया यांचे नाव अजून कसे आले नाही? आधीचे बचाव-समन्वयक जिम नोल्स विजेतेपदानंतर लगेच पेन स्टेटला गेले आणि बचावाची सूत्रे पॅट्रिशियांकडे आली. माणूस एअरोनॉटिकल इंजिनिअर. एनएफएलच्या न्यू इंग्लंड संघात मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्या हाताखाली घडला. तिथल्या परंपरेत मधल्या खेळाडूने समोरच्याला हातांच्या अंतरावर रोखून धरायचे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी सांभाळायच्या, असा शिरस्ता होता. जॉन्सन यांची पद्धत याच्या जवळजवळ उलट आहे: एक फट पकडा आणि सुटा. त्यांच्या गटाचे नावच ‘रशमेन’ आहे. आता या दोन विचारांची सांगड कशी बसणार, हा मला सर्वांत मोठा प्रश्न वाटतो. मॅकडॉनल्डला दोन फटींचे काम शोभेल. ह्यूस्टनला ते दिले, तर त्याला आत आणण्याचा हेतूच फसेल.

कोपरारक्षक (१४ ऑगस्ट)

पॅट्रिशियांविषयी मला विश्वास कमी आहे. डेट्रॉइटमधली त्यांची मुख्य प्रशिक्षकपदाची कारकीर्द सर्वांना ठाऊक आहे. न्यू इंग्लंडचे बचाव-समन्वयक म्हणून त्यांच्या शेवटच्या सामन्यात, म्हणजे फिलाडेल्फियाविरुद्धच्या सुपर बोलमध्ये, त्यांच्या बचावाने ४१ गुण आणि ५३८ यार्ड दिले आणि क्वार्टरबॅकवर दबाव म्हणून कसा तो आणता आला नाही. चौघांच्या बळावर दबाव आला नाही की असेच होते.

रात्रपाळी (१५ ऑगस्ट)

त्या एका रात्रीचा दाखला योग्यच आहे, पण त्याच्या तीन वर्षे आधी सिॲटलविरुद्ध एका यार्डावर सामना वाचवणारा बचावही त्यांचाच होता. शिवाय इथे त्यांच्या हाताशी केलेब डाउन्स आहे, सनी स्टाइल्स आहे आणि आर्व्हेल रीस आहे, जो लाइनबॅकर (फळीमागचा बचावपटू) असूनही एंडच्या जागेवरून धाव घेऊ शकतो. कोपरारक्षक, तुमच्या प्रश्नाचे उत्तर कदाचित फळीतल्या चौघांत नसेलही. माझा अंदाज असा आहे की पॅट्रिशिया पाचवा माणूस दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून सोडतील, जेणेकरून नव्या एंडना एकास एक झुंज मिळेल.

तांबडी माती (१५ ऑगस्ट)

आणखी एक गोष्ट विसरायला नको. टेक्सासचीही आक्रमक फळी जवळपास नवीच आहे. केल्विन बँक्स ड्राफ्टमध्ये नववा गेला, त्याच्याबरोबर आणखी तिघांनी संघ सोडला आणि गेल्या वर्षीच्या नियमित पाचांपैकी उजवा गार्ड डीजे कॅम्पबेल तेवढा राहिला. त्यांच्या क्वार्टरबॅकच्या, आर्च मॅनिंगच्या, नावाचा बोलबाला कितीही असला, तरी त्याच्यापुढे उभे राहणारे पाच जण एक लाख प्रेक्षकांच्या गजरात स्नॅपची खूण ऐकू शकतात का, ते पाहावे लागेल. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये आपली फळी वरचढ ठरेल, असे मी ठामपणे म्हणतो.

बकाय पालक (१५ ऑगस्ट)

त्या दिवशी शनिवार आहे आणि गणपतीचा चौथा दिवस. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. सकाळची आरती आम्ही नऊला उरकणार आहोत आणि ज्यांना यायचे आहे त्यांच्यासाठी दुपारी तळमजल्यावर सामना लावणार आहोत. मॅकडॉनल्डच्या पहिल्या टॅकलला तांबडी माती यांनी फोन करावा.

ओलेंटांजीकाठ (१६ ऑगस्ट)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार दिवसांत माझे मत थोडे सरकले आहे, तेही नोंदवतो. बकाय पालक यांनी हातांविषयी लिहिले ते वाचून करीचे जुने स्नॅप पुन्हा पाहिले. बाहेरच्या जागांविषयी माझा विश्वास होताच, तो वाढला. रात्रपाळी यांचा दोन पद्धतींचा मुद्दा मी सुरुवातीला लक्षातच घेतला नव्हता आणि ह्यूस्टनच्या बाबतीत तो निर्णायक ठरू शकतो.

मूळ प्रश्नावर मात्र मी तिथेच आहे आणि ॲन आर्बरकरांच्या ताईंनी पाहिलेले ते वाकलेले टॅकल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. टेक्साससमोर आपण टिकू, असे मला वाटते. ग्रॅम्ब्लिंग आणि ओहायो विद्यापीठ हे पुढचे दोन सामने या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहेत. तिथे पहिल्या अर्ध्यातच मलोन, स्मिथ आणि इतरांना भरपूर स्नॅप मिळाले, तर २७ सप्टेंबरला वॉशिंग्टन विद्यापीठाशी खेळायला जाताना आपल्याकडे सहा टॅकल असतील. मिळाले नाहीत, तर २९ नोव्हेंबरला ॲन आर्बरमध्ये पुन्हा दोघेच असतील.

म्हणून ३० तारखेला मी धावफलकाबरोबरच एक वही घेऊन बसणार आहे. प्रत्येक स्नॅपला मधले दोघे कोण, एवढेच लिहायचे. रात्रपाळी, तुम्ही पुण्याहून जागे असणारच आहात, तर दुसऱ्या अर्ध्याची नोंद तुम्ही कराल का?

रात्रपाळी (१६ ऑगस्ट)

जरूर करतो. मलोन ९५ क्रमांकाच्या जर्सीत असेल की दुसऱ्या, तेवढे सामन्याआधी कोणीतरी पाहून कळवावे. रात्री बाराला डोळ्यांवर भरवसा ठेवणे अवघड जाते.